बरणीतलं पिवळं पाणी

कॉम्प्युटरच्या भंगारातून सोनं निघतं, हे आता कुणाला सांगितलं तर कुणी तोंडात बोट घालत नाही. नव्वदीच्या मध्यावर नगरमध्ये असं बोललं की लोक आधी तुमच्याकडे बघायचे आणि मग तुमच्या घरच्यांकडे, यांचं काय चाललंय म्हणून. आमच्या घरात असं बोलणारा एकच माणूस होता, माझा नवरा. आणि त्याला वेड्यात काढणाराही एकच, त्याचा बाप. मी दोघांच्या मधे, हातात चहाची कपबशी घेऊन. तोंडावर मी नवऱ्याला 'अहो' म्हणायचे, अजूनही म्हणते. पण लिहिताना 'तो'च लिहिणार. इतकी वर्षं त्याची भांडी घासल्यावर तेवढा हक्क आहे मला.

माझं सासर सांगलीकडचं, गलाईवाल्यांचं. सराफांकडचं जुनं, डाक देऊन सांधलेलं, मिसळीचं सोनं-चांदी घ्यायचं, आटवायचं, तेजाबात घालून शुद्ध करायचं आणि लगडी करून परत द्यायची, हा त्यांचा पिढीजात धंदा. त्यांच्या भागातली निम्मी गावं या धंद्यापायी देशभर पांगलेली. मामंजी म्हणजे माझे सासरे तरुणपणी नगरला आले. सराफ बाजाराच्या मागच्या गल्लीत दोन खोल्या, पुढं दुकान, मागं परसात पत्र्याखाली भट्टी, असा त्यांनी संसार मांडला. सासूबाई गावाकडं शेती बघायच्या आणि यात्रेला आम्ही गेलो की सगळ्यांना एकदम फैलावर घ्यायच्या. मी नगर जिल्ह्यातलीच, पण पार दुसऱ्या टोकाची. अकोले तालुक्यातल्या डोंगरातली, भाताच्या मुलखातली. आमच्याकडं पाऊस कोसळतो आणि नगरला धूळ. लग्न झाल्यावर पहिलं वर्षभर मी फक्त शिंकत होते.

माझे वडील मी शाळेत असतानाच गेले. भाऊ नाही. आई एकटी, डोंगराच्या उतारावरची चार खाचरं आणि एक म्हैस सांभाळून. सकाळच्या एसटीला बसलं की संगमनेरवरून, दोन गाड्या बदलून, संध्याकाळपर्यंत आईच्या दारात पोचता यायचं. माहेर एवढ्या अंतरावर आहे, या एका गोष्टीवर मी नगरची धूळ सहन करत होते, हे मी कुणापाशी बोलले नव्हते.

त्या वर्षी मामंजींनी दुकान मोडायचं ठरवलं. नगरचे सराफ आपलं काम पुण्या-मुंबईला पाठवायला लागले होते. मामंजींचे धाकटे भाऊ तमिळ मुलखात चांगले स्थिरावले होते आणि इकडं या म्हणून सारखा तगादा लावत होते. मामंजी म्हणाले, दिवाळी झाली, तुळशीचं लग्न झालं, की सामान बांधायचं. तिथून आईकडं यायचं म्हणजे दोन वर्षांतून एकदा, तेही पाहुण्यासारखं. ती आजारी पडली तर मला कळायलाच आठवडा लागणार.

नवऱ्याला माझं तोंड वाचता येतं. त्यानं कुठूनतरी, मुंबईच्या एका गलाईवाल्या मित्राकडून, ऐकून ठेवलं होतं की जुन्या वायरलेसच्या नि कॉम्प्युटरच्या कार्डांना सोन्याचा मुलामा असतो. कार्ड म्हणजे त्या हिरव्या पाट्या, ज्यांच्या कडेला सोनेरी दात असतात. आमच्या गल्लीच्या तोंडाशी एक भंगारवाले चाचा होते. सरकारी लिलावातून, बंद पडलेल्या कारखान्यांतून ते माल उचलायचे. तांबं, ॲल्युमिनियम काढून घेतलं की या हिरव्या पाट्या त्यांच्या लेखी कचरा. त्यांनी पोतीच्या पोती आमच्या परसात आणून टाकली आणि वर म्हणाले, घेऊन जा बाबा, माझी तरी जागा मोकळी होईल.

मामंजी पोत्यांकडं बघून म्हणाले, "आडात न्हाई ते पोहऱ्यात कुठनं येणार?" पण लेकानं हात जोडल्यावर त्यांनी एवढं कबूल केलं, की दिवाळीपर्यंत कर काय करायचं ते. त्यातनं सोनं निघालं तर नगरमध्ये राहू, नाहीतर गप गाडीत बसायचं. माझ्या दृष्टीनं त्या पोत्यांत सोनं नव्हतंच, त्यात माझी आई होती.

मग आम्ही दोघं लागलो. पत्रा कापायच्या कात्रीनं त्या सोनेरी कडा कापायच्या. माझ्या बोटांना घट्टे पडले, नवऱ्याच्या अंगठ्याला जखम झाली, आणि आम्ही दोघं कधी नव्हे ते एकत्र बसून तासन् तास गप्पा मारायला लागलो. खरं सांगते, लग्नानंतरचे माझे सगळ्यात सुखाचे दिवस ते. सिनेमाला नेलं नाही कधी, पण कात्री हातात दिली. मी बारावी सायन्स झालेली, त्यामुळं मी त्याला अधूनमधून शास्त्र सांगायचे आणि तो हो हो म्हणत आपल्या मनाचंच करायचा.

कडा कापून झाल्या की शोऱ्याच्या तेजाबात, म्हणजे नायट्रिक ॲसिडात, टाकायच्या. तांबं विरघळून पाणी हिरवं-निळं होतं आणि सोन्याचे पापुद्रे सुटून वर तरंगतात. त्या वेळी तांबूस धूर निघतो, घसा धरतो. आम्ही वारा बघून परसाच्या कडेला उभं राहायचो, तोंडाला ओला पंचा बांधून. आज असलं काम घरात कुणी करताना दिसलं तर मीच त्याला काठी घेऊन हाकलीन; पुढं आम्हीही रीतसर परवाना काढून गावाबाहेर शेड घातली. पण तेव्हा तेवढीच अक्कल होती. ते पापुद्रे मग दुसऱ्या, जोरकस तेजाबात घालायचे, दोन तेजाबं मिसळून केलेल्या. त्यात सोनंसुद्धा विरघळतं. चमक बिमक सगळी जाते आणि राहतं नुसतं पिवळं पाणी. त्या पाण्यात हिराकस, म्हणजे लोखंडाचा हिरवा क्षार, टाकला की सोनं तपकिरी गाळ होऊन तळाशी बसतं. तो गाळ मुशीत टाकणखार घालून आटवला की पिवळाधमक मणी.

तर आमचं सगळं काम त्या पिवळ्या पाण्यापर्यंत आलं. काचेचं भांडं गरम तेजाबानं तडकतं, म्हणून गलाईवाले चिनी मातीची बरणी वापरतात. अगदी लोणच्याची असते तशीच, खांद्याला तपकिरी पट्टा असलेली. नवऱ्यानं ते पाणी निवायला बरणीत भरलं, वर बशी झाकली आणि बरणी मागच्या पडवीतल्या फळीवर ठेवली. हिराकस टाकणार तर काय, घरातला हिराकस जुना होऊन गंजासारखा पिवळट पडलेला. तो चालत नाही, ताजा हिरवा लागतो. तो आणायला नवरा बाजारात निघाला आणि दिवाळीच्या पणत्या-रांगोळी आणायला मीही त्याच्याबरोबर निघाले. मामंजी पुढं दुकानात होते. आणि मागं, घरात, आई होती.

आई आदल्याच दिवशी आली होती. माझ्या लग्नाला चार वर्षं झाली होती, पण दिवाळीला ती कधी आली नव्हती, मीच जायचे. त्या वर्षी कामापायी मला जाता येईना तर ती आपणहून आली. स्टँडवर तिला आमचे भंगारवाले चाचा भेटले, त्यांनीच तिला नि तिच्या तांदळाच्या गाठोड्याला टेम्पोतनं घरी सोडलं. मला आनंद झाला आणि धास्तीही वाटली, कारण दुकान मोडायचं मी तिला सांगितलेलं नव्हतं. सोनं निघालं तर सांगायची वेळच येणार नाही, असा माझा हिशेब.

आमच्याकडं जुन्या बायकांची एक रीत आहे. लेकीच्या घरचं फुकट खायचं नाही. खाल्लं तर हातावर काहीतरी ठेवायचं, नाहीतर अंगानं फेडायचं. आईनं अंगानं फेडायला घेतलं. आल्या दिवसापासून तिनं पदर खोचला. जाळी काढली, फळ्या पुसल्या, पितळेची भांडी घासून लख्ख केली. मी दहा वेळा म्हणाले, आई बस जरा. ती म्हणायची, बसून काय करू, पाय दुखत्यात.

आम्ही बाजारातून परत आलो. पडवीत भांडी ओळीनं पालथी घातलेली. तांब्या, कळशी, घंगाळ, आणि त्यांच्या शेवटी, स्वच्छ धुतलेली, पांढरीशुभ्र, बरणी.

नवऱ्याच्या हातातली हिराकसाची पुडी तशीच राहिली. मी आईला विचारलं, "आई, यातलं पाणी कुठं ओतलंस?"

"राखेवर ओतलं की. लई वंगाळ वास मारत हुता, नाकात झोंबत हुता. उघड्यावर टाकलं आसतं तर कुनाचा पाय भाजला आसता. मस फसफसलं गं. बरणीत लोणचं घालायचं सोडून आसलं काय भरता तुमी?"

मी तापट आहे, हे मला माहीत आहे आणि माझ्या सगळ्या नातेवाइकांनाही. माझ्या तोंडाशी आलं होतं सगळं. हे काय केलंस, तुला कुणी सांगितलं होतं, तुझ्यापायीच चाललं होतं हे सगळं. उचलली जीभ की लावली टाळ्याला, एवढाच अवकाश होता. तेवढ्यात मागून मामंजी आले. त्यांनी बरणी बघितली, लेकाचं तोंड बघितलं, राखेच्या ढिगाकडं बघितलं. या माणसाला सगळं कळायला एक क्षण लागला. आणि हाच तो माणूस ज्याला आता गाडीत बसायला कुणी अडवणार नव्हतं.

"बेस केलंत विहीणबाई," मामंजी म्हणाले. "टाकायचंच हुतं ते. आमची पोरं आळशी, चार दिवस तसंच ठिवलेलं."

आई खूश झाली आणि कळशी पुसायला लागली. मामंजींनी आम्हा दोघांना पुढं दुकानात नेलं आणि आवाज खाली ठेवून जी काही चंपी केली, ती मी आयुष्यात विसरणार नाही. तेजाबाची बरणी कुणी घरच्या फळीवर ठेवतं का, बशी झाकली म्हणजे झालं का, म्हातारीच्या हातावर सांडलं असतं तर काय करणार होता. सोन्याचं त्यांनी नावसुद्धा काढलं नाही. ते सगळं झाल्यावर मग म्हणाले, राखेला आता कुणी हात लावायचा न्हाई, पाण्याचा थेंब पडू द्यायचा न्हाई.

तो राखेचा ढीग का होता, हे सांगायला हवं. गलाईवाला राख टाकत नाही. भट्टीतली राख, कोळशाचा चुरा, दुकानातला केर, हात धुतलेल्या पाण्याचा गाळ, सगळं एका जागी साठवतो, कारण त्या सगळ्यात सोन्याचा कण न् कण असतो. वर्षा-दोन वर्षांनी झारेकरी येतो आणि ती राख विकत नेऊन धुऊन सोनं काढतो. आमच्याकडं तो बरेच दिवस फिरकला नव्हता. म्हणून पत्र्याखाली हा एवढा ढीग. आणि मला शाळेतलं आठवलं, कोळसा पाण्यातला रंग शोषून घेतो ते. राखेनं तेजाब मारलं असणार, म्हणून ते फसफसलं, आणि कोळशानं सोनं धरलं असणार. मी हे मामंजींना सांगितलं. ते म्हणाले, असंल, जाळून बघू.

पुढचे दोन दिवस आम्ही दिवाळीत ढीग जाळत बसलो. कोळसा पुरा जळायला हवा, पण भाता जोरात मारायचा नाही, नाहीतर राख उडते आणि तिच्याबरोबर सोनं. मामंजी स्वतः भट्टीपाशी बसले, दोघा लेकरांवर डाफरत. ढिगाखालची माती वीतभर खोल खरवडून काढली, तीही घेतली. आई येऊन जाऊन बघायची. सणासुदीला माणसं माती का भाजतायत, तिला कळेना. नवऱ्यानं थाप मारली, आमच्यात लक्ष्मीपूजनाआधी अशी रीत आहे. झालं, आईनं हळदीकुंकू आणलं आणि भट्टीला वाहिलं. मामंजींनी मुकाट्यानं मान लववली. एकदा ती भांडी घासायला राखेची ओंजळ भरायला निघाली तेव्हा माझा जीव खाली-वर झाला. मी म्हणाले, आई, मामंजींना राखेचं सोवळं आहे. तिनं ओंजळ सोडली आणि माझ्याकडं असं बघितलं, की कसल्या घरात दिलं मी पोरीला.

लक्ष्मीपूजनाच्या सकाळी उरलेल्या राखेत टाकणखार आणि शिसं घालून सगळं मुशीत आटवलं. शिसं सोनं गोळा करतं. मग ते शिसं जाळून टाकलं आणि तळाशी राहिला एक मणी. चांगला टपोरा, हरभऱ्याएवढा. नवरा लहान मुलासारखा हसला. मीही हसले. आणि मग आम्हा दोघांनाही एकदमच ते सुचलं आणि आमचं हसू जागच्या जागी विरलं.

हे सोनं कशाचं? कार्डांचं की राखेचं? त्या राखेत मामंजींच्या किती वर्षांच्या कामाची धूळ होती. मण्यात कार्डांचा वाटा किती नि राखेचा किती, देवाला तरी सांगता आलं असतं की नाही कोण जाणे. बोली अशी होती की कार्डांतून सोनं निघालं तर राहायचं. आणि आता मामंजींनी एवढंच म्हणायचं होतं, की ही माझी राख आहे, हे माझं सोनं आहे. ते खोटंही ठरलं नसतं.

मामंजींनी कसोटीचा दगड घेतला. मणी घासला, तेजाबाचा थेंब सोडला, उजेडात धरून बघितला. आई अनारशांची ताटली घेऊन आली, त्यांच्यापाशी ठेवून दोन पावलं मागं उभी राहिली. मामंजींनी अनारसा उचलला. खाऊन संपवला. पुन्हा दगडाकडं बघितलं. मी पडवीच्या खांबाला धरून उभी होते.

"कार्डांचंच हाय," मामंजी म्हणाले. "चाचाला सांगा, आनी माल असला तर पाठव म्हणावं."

माझा नवरा सत्यवादी हरिश्चंद्राचा अवतार. तोंड उघडून म्हणतो काय, "पण आबा, राखेत आपलं..."

"गप," मामंजी म्हणाले. "मी तीस वर्षं सोनं बघतोय. मला शिकवू नको." मग आईकडं वळून, आवाज अगदी साधा ठेवून, जसं काही बाजारभाव सांगतायत तसं म्हणाले, "विहीणबाई, आमी कुठं जात न्हाई. नगरातच हाय. येत जावा."

मी दचकले. हिला जायचं माहीतच नव्हतं, मग हे असं का सांगतायत? आई ताटली तिथंच ठेवून आत गेली. मी तिच्या मागं गेले. ती स्वयंपाकघरात भिंतीला टेकून खाली बसली होती, ती आल्यापासून मी तिला पहिल्यांदाच बसलेली बघत होते. डोळ्यांना पदर लावलेला. मी विचारलं, तुला कुणी सांगितलं? म्हणाली, त्या चाचांनी, टेम्पोत, येतानाच. तुमची लेक आता लांब चालली म्हणले. त्यांना वाटलं मला ठाव आसंल. चाचा मामंजींपाशीही हे बोलले असणार.

"मग मला का नाही विचारलंस?"

"तूच न्हाई सांगितलंस, तर मी कशाला इचारू?" आई म्हणाली. "म्हनलं, जायच्या आधी तुझ्या घरातल्या एकेका भांड्याला माझा हात लागू दे. परत कवा लागायचा."

मी तिच्या शेजारी फरशीवर बसले आणि तिच्या खांद्यावर डोकं टेकलं. तिच्या हाताला राखेचा आणि तेलाचा वास येत होता. बाहेर मामंजी चहासाठी हाका मारत होते. पहिल्यांदाच त्यांना मी थोडं थांबायला लावलं.